जिना नसलेलं घर

ऑफिसात तिला फूटपट्टी म्हणत. तोंडावर ताई आणि पाठीमागे फूटपट्टी. तिला हे ठाऊक होतं, पण तिने कधी मनावर घेतलं नाही. जन्मभर मोजमाप करणाऱ्या बाईला दुसरं काय नाव ठेवणार? इतरांनी चालवलेली कामं नीट चालली की नाही ते तपासून देणं, हा तिच्या ऑफिसचा धंदा. कुणी दवाखाना काढला, कुणी बायकांना शिवण शिकवलं, की पैसे देणारे विचारतात, झालं का त्याने काही? मग फूटपट्टी प्रश्नांचा गठ्ठा काखेत मारून निघायची, बायकांना दारात गाठायची, हो-नाहीच्या चौकटीत खुणा करायची आणि टक्के काढून द्यायची. देवावर नसेल एवढा तिचा टक्क्यांवर विश्वास होता.

नवरा गेल्यापासून ती आणि सासूबाई अशा दोघीच चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण जे ऐकू नये ते मात्र बरोबर ऐकू यायचं. संध्याकाळी सून चपला काढत असतानाच त्या विचारत, “आज किती बायका सुखी निघाल्या?” फूटपट्टी गंभीरपणे आकडा सांगे. एकदा त्यांनी विचारलं, “मला कुठल्या रकान्यात घातलंस?” ती हसली आणि भांडी घासायला गेली. सासूबाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

अशा या बाईच्या आयुष्यात गोष्टी शिरल्या त्या थोरल्या मॅडममुळे. मॅडम म्हणजे ऑफिसच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं असं की जिला आयुष्यभर ‘काही त्रास नाही’ म्हणायची सवय लागली आहे, तिच्यापुढे चौकट ठेवली तर ती तिथेही तेच सांगणार. त्यापेक्षा तिला तिची गोष्ट सांगू द्यावी, त्या गोष्टीचा अर्थ काय तेही तिलाच ठरवू द्यावं, आणि काम चांगलं झालं की वाईट हे त्यावरून बघावं. याला मूल्यमापनाची स्त्रीवादी पद्धत म्हणतात, असं मॅडमनी सांगितलं. याला आमच्याकडे गप्पा म्हणतात, असं फूटपट्टी मनात म्हणाली.

पद्धत मात्र भलतीच काटेकोर होती, आणि तिथेच फूटपट्टी फसली. बायकांनी जोड्या करून बसायचं. एकीने आपली गोष्ट जोडीदारणीला सांगायची. मग सगळ्याजणी रिंगण करून बसल्या की जोडीदारणीने ती गोष्ट ‘मी’ म्हणून सांगायची, जणू तिच्याच अंगावर बेतली आहे. म्हणजे कुणाची गोष्ट कुणाची, हे बाहेरच्याला कळत नाही. ऐकणारीला काही विचारायचं असेल तर तिने त्या ‘मी’लाच विचारायचं, ‘ती’ हा शब्द रिंगणात चालत नाही. सांगणारीनेही गोष्टीत नसलेलं पदरचं काही घालायचं नाही. आणि जिची गोष्ट आहे तिने एकांतात हो म्हटल्याशिवाय गोष्ट अहवालात जात नाही. हे शेवटचे दोन नियम फूटपट्टीने स्वतः बसून लिहिले होते. नियम असल्याशिवाय तिला मोकळा श्वास घेता येत नसे.

दोन-तीन रिंगणं बसली आणि तिची खोड मोडली. ज्या वस्तीत तिने आदल्या वर्षी ‘समाधानी’च्या चौकटी भरभरून आणल्या होत्या, त्याच वस्तीतल्या बायका परक्या बाईची गोष्ट ‘मी’ म्हणून सांगताना ढसाढसा रडल्या. त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी आकडा विचारला तेव्हा ती म्हणाली, मोजलं नाही. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग आलं धुलाईघराचं काम. गावातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. दारातच चादरींचे ढीग वजनकाट्यावर चढत, आतल्या बाजूला माणूस मावेल एवढी यंत्रं घरघरत, त्याच्यापुढे वाळवणीची कोंदट खोली आणि शेवटी तापलेला लांबलचक रोलर. दोघीजणी ओलसर चादर दोन टोकांना धरून रोलरखाली सरकवायच्या आणि पलीकडे दोघी ती ऊन ऊन झेलून घडी घालायच्या. कामाला सगळ्या बायका, वर मुकादम पुरुष. एका संस्थेने तिथे तक्रार समिती बसवली होती आणि तिथल्याच एका बाईला तिच्यावर नेमलं होतं; तिला सगळ्या समितीताई म्हणत. कुणी वाकडं वागलं तर बाईने समितीकडे यावं, समितीने नोंद करून वर न्यावं. वर्ष झालं तरी एकही तक्रार आली नव्हती. संस्थेचे प्रमुख सज्जन गृहस्थ होते. त्यांना मनापासून वाटत होतं की बायकांचा त्रासच संपला. आता हीच समिती जशीच्या तशी बाकीच्या धुलाईघरांत न्यायची होती, आणि न्यावी की नाही हे फूटपट्टीच्या अहवालावर ठरणार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे तिला माहीत होतं. पण मूठ उघडायला सांगणं हेच तर तिचं काम.

कामाची पाळी संपल्यावर घडीच्या खोलीत रिंगण बसलं. खुर्च्या नव्हत्या, बायका कपड्यांच्या टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. एक टोपली रिकामी होती म्हणून फूटपट्टीने तिच्यावर आपली पिशवी ठेवली. शेजारच्या बाईने ती पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली. या बाईचे दात किंचित पुढे होते, त्यामुळे ती कायम हसल्यासारखी दिसायची. सगळ्या तिला हसरी म्हणत. फूटपट्टीला वाटलं, बाई अगत्यशीर आहे.

गोष्टी झाल्या. पाय सुजतात, मूल तापलं तरी सुट्टी मिळत नाही, मुकादम टोमणे मारतो, पण एवढं चालायचंच. समितीचं नाव निघालं की बायका तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प बसत. सगळ्या जोड्या संपल्या असं वाटून फूटपट्टी आभार मानणार, एवढ्यात हसरी पुन्हा बोलायला लागली. मघाशी ती खणखणीत बोलली होती. या वेळी आवाज खाली गेला होता, आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

“मी रोलरवर असते. चादरीचं एक टोक माझ्या हातात. मुकादम मागे येऊन उभा राहतो. मला हात सोडवता येत नाही, सोडला तर चादर गोळा होऊन अडकते आणि सगळ्यांचं काम थांबतं. हे त्याला माहीत आहे, म्हणून तो तेव्हाच येतो. मी समितीकडे गेले. समितीताई म्हणाली, लिहून नको देऊ, तुझंच नाव खराब होईल, मी तुझ्या नवऱ्याला बोलावून समजावते. त्याला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा प्याला, हात जोडले. मी त्याच्या मागून घरी गेले. मग मी जिन्यावरून पडले.” हसरी जरा थांबली. “आमच्या घराला जिना नाही.”

नियमाप्रमाणे आता कुणीतरी प्रश्न विचारायचा. कुणीच विचारला नाही. बायका उठल्या, टोपल्या सरळ करून भिंतीला लावल्या आणि घरी गेल्या. फूटपट्टीचं डोकं दिवसभराच्या घरघरीने जड झालं होतं. कुणीतरी पडली, बिचारी वाचली, असं काहीसं समजून तीही निघाली.

रविवारी दुपारी ती रिंगणाच्या ध्वनिमुद्रणावरून गोष्टी उतरवून घ्यायला बसली, आणि मोजायची सवय आडवी आली. बायका दहा, गोष्टी अकरा. तिने पुन्हा मोजलं. पाच जोड्या, दर जोडीच्या दोन गोष्टी, आणि ही एक वरची. मग तिने ती वरची गोष्ट पुन्हा लावली, कानाला यंत्र चिकटवून ऐकली, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हसरीच्या आवाजामागे दुसरे आवाज होते. बाकीच्या बायका बसल्या जागी तेच शब्द पुटपुटत होत्या. कुणी अर्ध्या क्षणाने मागे, कुणी किंचित पुढे, पण शब्द तेच. गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

तिने यंत्र बंद केलं. खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज झाला तर ती दचकली. आमच्या घराला जिना नाही, हे वाक्य हसरी आता इथेच कुठेतरी बसून म्हणते आहे असं तिला वाटत राहिलं. जी वाचली ती असं बोलत नाही. हे तिला ऐकतानाच कळायला हवं होतं.

पुढचे काही दिवस वाईट गेले. तिच्या घराला जिना होता, दुकानाच्या बाजूने वर येणारा, अंधारा आणि अरुंद, आणि आयुष्यभर त्याच्यावरून बेफिकीर चढ-उतार केलेली ही बाई आता कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरू लागली. दोरीवरून चादर काढताना ती उन्हाने तापलेली लागली, तर आत्ताच कुणीतरी त्यातून उठून गेलं आहे असं वाटून तिने ती हातातून टाकली. एकदा बस चुकली आणि उशीर झाला. सासूबाईंनी कारण विचारलं, तर तिच्या तोंडून निघालं, “मी रोलरवर होते.”

“भूत बसलंय तुझ्या मानेवर,” सासूबाई म्हणाल्या. “काम ते करून घेतंय आणि पगार तू आणतेस. त्याला काय हवंय ते तरी विचार.”

त्या चेष्टेने बोलल्या, पण फूटपट्टीला ते पटलं. ती धुलाईघरात परत गेली. पद्धतीप्रमाणे आता एकेकीला बाजूला घेऊन सगळ्या गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या. बाईने आपली ओळखायची, ठेवा म्हणायचं किंवा काढा म्हणायचं. दहाही जणींनी आपापली ओळखली. अकरावीला कुणी माझी म्हटलं नाही. आणि दहाही जणी म्हणाल्या, ती ठेवा.

शेवटी हसरीने सांगितलं. रोलरवर तिच्या समोरच्या टोकाला एक बाई असायची. वर्षानुवर्षं दोघींनी एकच चादर दोन बाजूंनी धरली होती, तेवढ्यात गप्पा, तेवढ्यात भांडणं. त्या बाईचं जे झालं ते गोष्टीत होतं तसंच झालं. ती त्यात गेली. नवऱ्याने जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं, सगळ्यांनी तेच मान्य केलं, घर कसं आहे हे बघायला कुणी गेलं नाही. गेलं असतं तर तळमजल्यावरची एक खोली आणि दारात एक दगडी पायरी दिसली असती. समितीने नोंदच केली नव्हती, त्यामुळे तक्रार झालीच नाही, आणि तक्रार नाही म्हणून सगळं छान. मग बायकांनी ती गोष्ट जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना सांगायला सुरुवात केली. ‘तिचं असं झालं’ म्हटलं की नुसती हळहळ व्हायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायला व्हायचं. म्हणून कुणीतरी एकदा ‘मी’ म्हणून सांगितली. तेव्हापासून तशीच सांगतात. ऑफिसची मंडळी पद्धत शिकवायला येण्याच्या कितीतरी आधीपासून. रिकामी टोपली तिची होती, हे हसरीने मुद्दाम सांगितलं नाही, पण फूटपट्टीने आपली पिशवी आठवून मान खाली घातली.

“तुम्ही म्हणालात, दर गोष्टीला एक जोडीदारीण हवी,” हसरी म्हणाली. “तिची मी होते. आता सगळ्याच आहोत.”

ऑफिसात थोरल्या मॅडमनी अकरावी गोष्ट दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या की ही अहवालात जाणार नाही. फूटपट्टीला वाटलं होतं, मॅडम तरी पाठीशी उभ्या राहतील. पण मॅडमना संस्थेची भीती नव्हती. त्यांना पद्धतीची काळजी होती. ज्या बाईला आता विचारता येत नाही, तिची गोष्ट आपण घ्यायची कशी? आज हिची घेतली, तर उद्या कुणीही उठून कुठल्याही मेलेल्या बाईच्या नावावर काहीही खपवेल.

“जिवंत बाईच्या तोंडून ओढून काढलेली गोष्ट आणि मेलेल्या बाईच्या तोंडात घातलेली गोष्ट, मला दोन्ही सारख्याच,” मॅडम म्हणाल्या. “आणि नियम तुझाच आहे. तूच मोडणार?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. गोष्ट काढली तर दहा गोष्टी उरत होत्या: पाय सुजतात, सुट्टी नाही, टोमणे, पण एवढं चालायचंच. त्यांवर समिती उत्तम ठरत होती. मग दुसऱ्या धुलाईघरात दुसरी समितीताई बसणार, दुसऱ्या कुणा नवऱ्याला चहाला बोलावणार, आणि वर्षाअखेर तिथेही तक्रारींच्या रकान्यात शून्य येणार. हे शून्य फूटपट्टीच्या हातचं असणार होतं. ती जन्मात पहिल्यांदा एका आकड्याला घाबरली.

रोलरवरच्या त्या बाईची आई हयात होती. बसडेपोच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहून ती कुरिअरवाल्यांसाठी पाकिटं चिकटवायची. फूटपट्टी गेली तेव्हा जमिनीवर खळीचा डबा आणि पाकिटांच्या चळती होत्या, आणि म्हातारी मान वर न करता कागद दुमडत होती. फूटपट्टीने कोण, कुठून, कशासाठी आले ते सांगितलं. गोष्ट वाचून दाखवायची तर ती ‘मी’ म्हणूनच वाचावी लागेल, आणि मधे काही विचारावंसं वाटलं तर ‘मी’लाच विचारायचं, हेही सांगितलं. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पोटची पोर गेलेल्या बाईला कुणी असले खेळ सांगतं का? पण म्हातारी म्हणाली, वाच.

मी रोलरवर असते, असं तिने सुरू केलं. म्हातारीचे हात थांबले. मुकादम आला, समिती आली, चहा झाला. मी त्याच्या मागून घरी गेले, इथवर आल्यावर म्हातारीने हात वर करून तिला थांबवलं.

“जेवली होतीस का गं तेव्हा?”

गोष्टीत ते नव्हतं. पदरचं काही घालायचं नाही, हा नियम तिने स्वतः लिहिला होता, आणि तो तिने त्या खोलीत बसून मोडला. “हो आई,” ती म्हणाली. म्हातारीने मान हलवली आणि पुढे वाच अशी खूण केली.

वाचून झाल्यावर म्हातारीने खळीच्या डब्याला झाकण लावलं. मग ती बोलली. समितीकडे जायच्या आधी पोर तिच्याकडे आली होती. इथेच बसून पाकिटं दुमडता दुमडता तिने विचारलं होतं, आई, सांगू का जाऊन? आणि आईने नको म्हटलं होतं. चार भिंतींतलं चार माणसांत न्यायचं कशाला, असं म्हटलं होतं. ज्या आयांना स्वतःला कुणी कधी बोलू दिलं नाही, त्या दुसरं काय म्हणणार?

“मी नको म्हटलं, तरी ती गेली,” म्हातारी म्हणाली. “म्हणजे तिला सांगायचं होतं. आता तुम्ही मला विचारायला आलात. दोनदा नको म्हणायची ताकद माझ्यात नाही, बाई. सांगू दे तिला.”

फूटपट्टीने हे सगळं जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. ‘जेवली होतीस का’ आणि ‘हो आई’ हेही लपवलं नाही. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की होकार आईचा नाही, तिचाच आहे; ती चालत समितीपर्यंत गेली, तोच होकार. पण संस्थेपुढे वाचशील तेव्हा गोष्टीत जेवढं आहे तेवढंच. तिथे ‘हो आई’ नको. फूटपट्टीने कबूल केलं.

अहवाल पक्का करण्याआधी संस्थेपुढे गोष्टी वाचून दाखवायचा प्रघात होता. धुलाईघराच्या घडीच्या खोलीतच सगळे जमले. संस्थेचे प्रमुख वही घेऊन आले, हसरी आणि आणखी चौघीजणी आल्या, मॅडम आल्या. समितीताई आल्या. फूटपट्टीने त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. वजनकाट्यावर नोंदी घेणारी पोक्त बाई, नीटनेटकी, सगळ्यांची विचारपूस करणारी. कुणाच्या मुलीला नोकरी लावून दे, कुणाला दवाखान्यात सोबत कर, असं सगळं त्या करत. मनात एक अवदसा उभी करून आलेल्या फूटपट्टीची पंचाईत झाली. ही तर कुणाचीही मावशी शोभली असती. फक्त डोळ्यांखाली काळं होतं आणि रोलरकडे पाठ करूनच त्या बसल्या.

फूटपट्टीने नियम समजावले. प्रमुखांना ते फार आवडले. प्रश्न ‘मी’लाच विचारायचा, ही कल्पना किती सुंदर आहे, असं ते म्हणाले. दहा गोष्टी झाल्या, त्यांनी दोन-तीनदा अदबीने “तुम्हाला मग बरं वाटलं का?” असं विचारलंही. मग फूटपट्टीने कागद बाजूला ठेवला. तिला तो लागणार नव्हता.

“मी रोलरवर असते,” ती म्हणाली.

हसरीने मान वर केली. फूटपट्टीला आपला आवाज खाली खाली जाताना ऐकू येत होता, आणि पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटून तिचे खांदे आखडले. भिंतीशी बसलेल्या बायकांचे ओठ हलू लागले. तिने चादर सांगितली, अडकलेले हात सांगितले, तेव्हाच येणारा मुकादम सांगितला. प्रमुखांचं लिहिणं थांबलं. “मी समितीकडे गेले,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात त्यांना राहवलं नाही.

“माफ करा, मधेच विचारतो,” ते म्हणाले. बिचारे नियमाने चालले होते. “तुम्ही समितीकडे गेलात, मग तुमची तक्रार नोंदवली कशी नाही?”

उत्तर गोष्टीत होतं, पुढच्याच वाक्यात. फूटपट्टीने ते सांगायला तोंड उघडलं. पण समितीताई आधी बोलल्या. प्रमुखांकडे नाही, त्या फूटपट्टीकडे बघत होत्या, आणि रोजच्या ओळखीने बघत होत्या.

“मीच नको म्हटलं ना गं तुला,” समितीताई म्हणाल्या. “तुझंच नाव खराब होईल म्हटलं. तुझ्या भल्यासाठी म्हटलं. तो किती गरिबासारखा हात जोडून बसला होता, तू पाहिलंस ना? मला काय माहीत तो घरी जाऊन तुला...”

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. ‘एकही तक्रार नाही’ हे वाक्य अहवालातून गेलं. समिती दुसऱ्या धुलाईघरांत गेली नाही. मुकादमाला काढलं, आणि त्या तळमजल्यावरच्या खोलीचं दार उशिरा का होईना पोलिसांनी ठोठावलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी खोलीत कुणालाच यातलं काही सुचत नव्हतं. समितीताई पुढे सरकल्या, त्यांनी फूटपट्टीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, “रागावलीस का गं माझ्यावर?”

रिंगणाचा नियम असा की विचारलं तर ‘मी’ने उत्तर द्यायचं. आणि गोष्टीत नाही ते बोलायचं नाही. फूटपट्टीला ‘नाही’ म्हणावंसं वाटलं, त्या गार हातांची तिला कीव आली. ‘हो’ म्हणावंसंही तेवढंच वाटलं. तिने दोन्ही गिळलं. समितीताई तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या.

अखेर प्रमुखांनी चाचरत विचारलं, “ताई, तुम्ही कुणाशी बोलताय?”

“हिच्याशीच,” समितीताई म्हणाल्या. हात त्यांनी सोडला नव्हता. “रोज हिच्याशीच बोलते मी. आज पहिल्यांदा ही समोर येऊन बसलीय.”